डिकीची मोटर गेली, असं ठरवण्याआधी

प्रश्न: आमची गाडी तेरा वर्षांची आहे. डिकीचं दार बटणावर उघडतं आणि मिटतं. गेले काही महिने सकाळच्या वेळी ते अर्ध्यावर जाऊन थांबतं आणि परत खाली येतं. दुपारी बहुतेक वेळा नीट उघडतं. मोटरचा आवाज येतो, पण पूर्वीपेक्षा मोठा आणि दमल्यासारखा. दाराच्या दोन्ही बाजूंना गॅसचे शॉक आहेत आणि उजवीकडे छताच्या कडेतून एक लोखंडी हात येऊन दाराला जोडलेला आहे. गॅरेजमध्ये म्हणाले, मोटर गेली, अख्खं युनिट बदला. मुलगा म्हणतो, जुन्या गाडीवर एवढा खर्च नको, भंगारातल्या गाडीची मोटर लावू. मिस्टरांचं म्हणणं, मोटर काढूनच टाका, हाताने उघडू. माझा खांदा दुखावलेला आहे आणि सासूबाईंची व्हीलचेअर रोज डिकीत ठेवावी लागते. परवा दार वर असताना एकदम खाली आलं, थोडक्यात डोकं वाचलं. कुणाचं ऐकू?

उत्तर: कुणाचं ऐकायचं ते पुढे बघू. आजपासून एक नियम मात्र घरात सगळ्यांनी पाळायचा: टेकू लावल्याशिवाय या दाराखाली कुणी उभं राहायचं नाही. दार पूर्ण उघडं असताना त्याची खालची कड आणि डिकीची चौकट यांतलं अंतर मोजा, त्या मापाचा जाड लाकडी दांडा कापा आणि दोन्ही टोकांना जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळा. वरचं टोक पत्र्याच्या कडेवर टेकवा, काचेवर किंवा प्लॅस्टिकच्या पॅनेलवर नाही. काच, वायपर आणि कुलूप धरून असं दार पंचवीस-तीस किलो सहज भरतं. बटणाने चालवणंही सध्या बंद ठेवा. बहुतेक गाड्यांत त्यासाठी ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला वेगळा स्विच असतो, काहींत तो स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये सापडतो. टेकू लावलेला असताना कुणी चुकून बटण दाबलं, तर तो लोखंडी हात वाकायचा किंवा मोटरची गरारी (दातेरी चाक) तुटायची.

आता मूळ मुद्दा. तुम्ही, मुलगा, मिस्टर आणि गॅरेजवाले या सगळ्यांनी एक गोष्ट धरूनच चाललं आहे, की दार उचलते ती मोटर. तुमच्यासारख्या रचनेत तसं नसतं. वजन पेलतात ते दोन शॉक. मोटर दाराला सुरुवातीचा रेटा देते, त्याचा वेग सांभाळते आणि मिटताना शॉकच्या जोराविरुद्ध त्याला खाली आणते. शॉक अशक्त झाले की त्यांच्या वाटचं वजन मोटरवर येतं. ती जास्त करंट ओढते, हळू फिरते, आवाज मोठा होतो. दाराचा वेग कमी झाल्याचं कंट्रोल युनिटला (दार चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) कळतं आणि वाटेत काहीतरी अडकलं आहे असं समजून ते दार थांबवतं किंवा मागे फिरवतं. अर्ध्यावरून परत येणं म्हणजे बिघाडच असं नाही. बोटं चेंगरू नयेत म्हणून दिलेली सोय तिचं काम करत असते.

सकाळी अडतं आणि दुपारी उघडतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. शॉकमध्ये नायट्रोजन दाबून भरलेला असतो आणि थंडीत त्याचा दाब उतरतो. ३० अंशांवरून १० अंशांवर आलं की तो सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो. नव्या शॉकमध्ये हे जाणवत नाही. जुना, आधीच काठावर आलेला शॉक मात्र तेवढ्यानेच कमी पडतो. मोटरमधलं जुनं ग्रीस थंडीत घट्ट होतं हेही खरं, त्यामुळे फक्त या एका लक्षणावर निकाल देणार नाही. पण परवा दार आपोआप खाली आलं, त्याने शंका जवळजवळ मिटते. शॉक धड असतील तर मोटर पूर्ण बंद पडली तरी उघडं दार वरच राहायला हवं.

खात्री करून घेणं सोपं आहे, फक्त ते काम तुमच्या खांद्याने करू नका, दोघा धडधाकट माणसांना करू द्या. सकाळच्या गारव्यात, बटणाची यंत्रणा बंद ठेवून, दार हाताने हळूहळू उचलायचं. कमरेच्या उंचीला, मग छातीच्या उंचीला आणि शेवटी पूर्ण वर, असं तीन ठिकाणी थांबून हात किंचित सैल करायचा, काढून घ्यायचा नाही. चांगले शॉक असतील तर दार मधल्या टप्प्यात जागेवर थांबतं किंवा सावकाश वर जाऊ लागतं आणि त्यापुढे स्वतःच उघडतं. तुमचं मधेच खाली यायला लागलं, तर कारण सापडलं. शॉकच्या चकचकीत दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर सील गेलं आहे असं समजा.

शॉक बदलताना दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक जुना लावला की दार तिरकं ओढलं जातं, बिजागरी आणि कुलूप दोन्हींवर ताण येतो. नळीवर जोर न्यूटनमध्ये छापलेला असतो, तो आकडा आणि पूर्ण लांबी जुळली पाहिजे. एकाच मॉडेलच्या साध्या दाराचे आणि बटणावर चालणाऱ्या दाराचे शॉक बऱ्याचदा वेगळे असतात, म्हणून गाडीचं नाव सांगून मिळेल तो शॉक न घेता पार्ट नंबर बघून घ्या. जास्त ताकदीचा घेऊन फायदा होत नाही. मिटताना मोटरला त्याच जोराशी झगडावं लागतं आणि तक्रार उघडण्याऐवजी मिटण्याची होते.

बसवायचं काम अर्ध्या तासाचं आहे. दोन माणसं आणि टेकू हवाच. टोकाच्या वाटीवर स्प्रिंगची छोटी क्लिप असते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने ती थोडीशी उचलली की वाटी गोळीवरून (ती ज्यावर बसते त्या गोल डोक्याच्या खिळ्यावरून) निघते. क्लिप पूर्ण उपसली तर उडून हरवते. एक बाजू नवी बसल्यावरच दुसरी काढा. दार मिटलेलं असताना बारीक दांडा खाली आणि जाड नळी वर, अशा बेताने लावा, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं. जुने शॉक कापायचे नाहीत, भोक पाडायचं नाही, जाळायचेही नाहीत. मरगळलेल्या शॉकमध्येही घातक दाब शिल्लक असतो.

शॉक बदलूनही दार अडलं, तरी लगेच मोटर उघडायला घेऊ नका. आधी बॅटरी बघा. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ च्या खाली असेल तर ती अर्धी रिकामी आहे, आणि अशा वेळी बऱ्याच गाड्यांचं कंट्रोल युनिट दार चालवायला नकार देतं किंवा नुसता टकटक आवाज येतो. इंजिन चालू असताना दार नीट उघडतं आणि बंद असताना अडतं, असं होत असेल तर बहुधा बॅटरी किंवा तिचं कनेक्शन दोषी आहे.

मग छत आणि दार यांच्या मधली रबरी नळी. तिच्यातून जाणाऱ्या वायरी दार उघडताना आणि मिटताना दर वेळी वाकतात आणि दहा-पंधरा वर्षांत आतल्या आत तुटतात. कधी वरचं आवरण धड असतं आणि तांबं तुटलेलं असतं. मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा किंवा काच तापवण्याच्या तारा अधूनमधून बंद पडत असतील तर संशय इथेच घ्या. नळीचं एक टोक सोडवा, वायरी एकेक करून हलक्या हाताने ओढून बघा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. जोड देताना त्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर वापरा आणि सांधे नळीच्या बाहेर घ्या, तेही वेगवेगळ्या लांबीवर, म्हणजे सगळे गठ्ठ्याने एका जागी येणार नाहीत. नळीच्या आत सोल्डर केलेला सांधा टिकत नाही, कारण सोल्डर वायरीत झिरपून ती कडक करतं आणि पुढच्या वळणावर ती तिथेच तुटते. नुसती टेप गुंडाळून भागवू नका, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. दार खाली येऊन टेकतं, पण कुलूप लागत नाही आणि ते परत वर जातं, ही तक्रार या मोटरची नसते. दार शेवटचं आत ओढून घेणारी छोटी मोटर कुलपातच असते. तिथला मायक्रोस्विच किंवा धुळीने चिकटलेली कडी तपासावी.

हे सगळं झाल्यावर मोटरचा नंबर. आवाजावरून बरंच कळतं. मोटर जोरात घुंईऽऽ करत फिरते आणि हात हलत नाही, तर मोटरचा जोर हाताला जोडणारा, विजेवर चालणारा आतला क्लच पकडत नाही किंवा प्लॅस्टिकच्या गरारीचे दात झडले आहेत. काहीच आवाज नाही, तर आधी फ्यूज आणि वायर, मग मोटरचे कार्बन (तिच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे छोटे तुकडे). कधी चालते, कधी नाही आणि युनिटवर बोटांनी ठोकलं की चालते, तर कार्बन झिजले आहेत हे जवळपास नक्की. दार झटके देत जातं किंवा वेगवेगळ्या जागी थांबतं, तर जागा मोजणारा हॉल सेन्सर किंवा त्याची वायर.

युनिट काढणं हे जपून करायचं काम आहे, आणि त्याचं कारण मोटर नाही. छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग गेलेली असते आणि तुमचं युनिट तिच्या शेजारीच बसलेलं आहे. म्हणून आधी डिकीचं दार उघडा, टेकू लावा आणि मगच बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. क्रम चुकला तर विजेवर चालणारं कुलूप बंदच राहतं आणि मागच्या सीट पाडून आतून कडी शोधत बसावं लागतं. टर्मिनल काढल्यावर निदान दहा मिनिटं थांबा. एअरबॅगचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही, त्यांच्याजवळ स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. हे करायला मन धजत नसेल तर युनिट काढण्या-बसवण्यापुरतं काम जाणत्या मेकॅनिककडे द्या, त्यात कमीपणा नाही.

खांबाचं आणि छताच्या मागच्या कडेचं प्लॅस्टिक पॅनेल क्लिपांवर बसलेलं असतं. धातूच्या पात्याने उचकटलं तर ओरखडे पडतात, त्यामुळे प्लॅस्टिकची पट्टी वापरा. तेरा वर्षांच्या क्लिपा थंडीत हमखास मोडतात, चार-सहा जादा आणून ठेवा. छताचं अस्तर फक्त मागच्या बाजूने तळहाताएवढं खाली घ्या, दुमडू देऊ नका, त्याची घडी कायम राहते. हाताचा दुवा दाराकडच्या गोळीवरून काढा. आता दार फक्त शॉकवर आणि टेकूवर आहे हे ध्यानात ठेवा. कनेक्टरचे फोटो घ्या, बोल्टभोवती मार्करने खुणा करा, मग बोल्ट सोडा. बहुतेक ठिकाणी तीन किंवा चार असतात.

टेबलावर तपासणी अशी: युनिटला दोन जाड वायरी येतात, त्या मोटरच्या. त्यांना १२ व्होल्ट द्या, मधे १५ अँपिअरचा फ्यूज घालून. वायरींची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरली पाहिजे. क्लचच्या दोन वायरींना १२ व्होल्ट दिले की टक् असा आवाज येतो. बारीक वायरी सेन्सरच्या असतात, त्यांना थेट बॅटरी लावली तर सेन्सर जळतो. कोणती वायर कशाची याची खात्री नसेल तर वायरिंगचा नकाशा मिळेपर्यंत थांबा.

मोटर अडखळत असेल तर ती उघडण्यासारखी आहे का बघा. दोन लांब स्क्रूंवर बसलेली असेल तर सोपं. पत्र्याच्या दुमडलेल्या पाकळ्या असतील तर त्या एक-दोनदाच वाकवता येतात, पुढे मोडतात. उघडण्याआधी बाहेरच्या डब्यावर आणि झाकणावर एक सरळ रेघ ओढा. आत काळी भुकटी दिसेल, ती झिजलेल्या कार्बनची. कार्बन ५ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील किंवा स्प्रिंग त्यांना नीट दाबत नसेल तर बदला. इथे एक चूक फार होते: मिक्सरचे किंवा ड्रिलचे कार्बन घासून बसवले जातात. ते घरच्या विजेसाठी बनवलेले असतात. १२ व्होल्टच्या मोटरला तांबं मिसळलेले कार्बन लागतात. दुसरे लावले तर मोटर फिरते, पण ताकद येत नाही आणि दार पुन्हा अर्ध्यावरच अडतं.

कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, काळा पडला असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकासा गोल घासा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहतात. दोन पट्ट्यांमधल्या खाचा लाकडी टूथपिकने कोरून काढा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. मग मल्टिमीटरने बघा: शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये सगळीकडे सारखाच रेझिस्टन्स यायला हवा, आणि कुठल्याही पट्टीपासून मधल्या दांड्यापर्यंत जोड दिसता कामा नये. दिसला तर आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळालं आहे, तिथे दुरुस्तीचा हट्ट सोडा. डब्याच्या आतलं एखादं चुंबक गोंद सुटून आर्मेचरला घासत असेल तर ते दोन भागांच्या इपॉक्सीने परत बसवता येतं. मात्र कोणतं तोंड आत होतं ते आधी खूण करा. एकच चुंबक उलटं बसलं तर मोटर फिरणारच नाही.

गरारीच्या डब्यातलं वाळलेलं ग्रीस खरवडून काढा आणि प्लॅस्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस दातांवर पातळ लावा. क्लचच्या चकतीला ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका, ती घसरायला लागेल. झडलेले दात चिकटवून चालत नाहीत, गरारीच बदलावी लागते.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येऊ. जुन्या गाडीची मोटर घेण्यात गैर काही नाही, पण तुमच्याच वयाच्या गाडीतली मोटर तेवढीच झिजलेली असण्याची शक्यता मोठी. घ्यायचीच तर कार्बन बघून, १२ व्होल्टवर चालवून घ्या, आणि पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. डावं आणि उजवं युनिट वेगळं असतं, मधल्या वर्षांत सेन्सरही बदललेला असू शकतो. आर्मेचर किंवा सेन्सर गेला असेल तर माझा कल नव्या युनिटकडे आहे, फक्त कार्बन, ग्रीस किंवा गरारी असेल तर दुरुस्तीकडे. जुनी गाडी म्हणून खर्च नको, हा विचार गाडीचा आहे, आणि तुमची गरज खांद्याची आणि व्हीलचेअरची आहे. हिशेब त्या बाजूने मांडा.

मिस्टरांचा उपायही टाकाऊ नाही. तुमच्या रचनेत हाताचा दुवा काढून कनेक्टर सोडवला की दार साध्या दारासारखं चालतं. नवे शॉक लावल्यावर उघडायला ते हलकं वाटेल. मात्र मिटायला वरून खाली ओढावं लागेल, आणि दुखऱ्या खांद्याला नेमकं तेच जड जातं. दाराच्या आतल्या मुठीला मजबूत पट्टा बांधला तर हात डोक्याच्या वर न्यावा लागत नाही. मोटरचं काम होईपर्यंत हीच सोय ठेवा.

इतर वाचकांसाठी एक सूचना. ज्यांच्या दाराला वेगळा हात नसून शॉकसारख्या दिसणाऱ्या जाड नळीलाच वायर जोडलेली आहे, त्यांची मोटर त्या नळीच्या आत असते. सोबत दाबून बसवलेली जबर स्प्रिंगही असते. ती नळी घरी उघडायची नाही. आत पाणी शिरून स्क्रू गंजला असेल तर अख्खी नळी बदलणं हाच मार्ग. आणि दार तेलाच्या पंपावर चालत असेल तर वरची मोटरची माहिती त्याला लागू नाही, तिथे आधी तेलाची पातळी आणि गळती बघतात.

काम कोणतंही केलं तरी बॅटरी परत जोडल्यावर दाराला त्याची दोन्ही टोकं नव्याने शिकवावी लागतात. बऱ्याच गाड्यांत दार हाताने पूर्ण मिटवायचं, बटणाने एका दमात पूर्ण उघडायचं आणि बटणानेच पूर्ण मिटवायचं, एवढं पुरतं. काहींना स्कॅनर लावावा लागतो, गाडीच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं. त्यानंतर जाड टॉवेलची गुंडाळी करून ती मिटत्या दाराच्या वाटेत धरा, एकदा मधोमध आणि एकदा प्रत्येक बाजूला. हात नाही, टॉवेलच. तिन्ही वेळा दार थांबून मागे फिरलं तर बटण पुन्हा वापरायला सुरुवात करा. तिन्हींपैकी एका वेळी जरी फिरलं नाही तर बटणाने मिटवणं बंदच ठेवा आणि दाराच्या कडेच्या सेन्सर पट्ट्या आणि त्यांच्या वायरी तपासून घ्या.